खबर देणार: आई

सासरच्या पाच पिढ्यांचे मृत्यू वहिनींनी नऊ दिवसांत तपासले, आणि एकही माणूस वेळेआधी मेलेला निघाला नाही. ब्याऐंशी, एकोणनव्वद, शहाण्णव. एक जण तर एकशे एकाव्या वर्षी गेला, तोही पोटभर जेवून. काय ही चिवट माणसं! एरवी कुणालाही अभिमान वाटला असता, वहिनींना रडू येत होतं.

नोंदणी कार्यालयात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. शाळेचे गणवेश शिवायचं काम बंद ठेवून ही बाई रोज कुलूप उघडायच्या आधी पायरीवर हजर. कारण सांगायला लाजायची नाही. थोरला मुलगा सोळाव्या वर्षी मैदानावर धावता धावता पडला, तो उठलाच नाही. ऊन लागलं, असं लिहून सगळे मोकळे झाले. आता धाकटी चौदाची, आणि गेल्या महिन्यात वर्गात उभ्याउभ्या तिची शुद्ध हरपली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या हृदयाचा अहवाल काठावरचा आहे. घराण्यात आणखी कुणी असं तरुणपणी, अचानक गेलं असेल तर कागद आणा, मी लगेच छातीत यंत्र बसवते. नाहीतर थांबून बघावं लागेल."

थांबून काय बघायचं असतं, ते वहिनी एकदा बघून बसल्या होत्या.

घरी सासऱ्यांचं एकच पालुपद. आमच्यात असलं काही नाही, पोरीच्या छातीला सुरी लावू देणार नाही. नवरा बापापुढे मान वर करेल तर शपथ. एकदा भर जेवणात वहिनींचा तोल गेला. "तुमच्याच रक्तानं माझं पोरगं खाल्लं," त्या म्हणाल्या, "कागदावर दाखवते." तोंडातून गेलेला शब्द, आता तो खरा करायला त्या जिवाचं रान करत होत्या.

दहाव्या दिवशी रजिस्टरं काढून देणारे कारकून काका टेकीला आले.

"वहिनी, हे खापरपणजोबाही शहाऐंशीला गेले. याच्या आधीचं दप्तरच नाही."

"नीट बघा ना, काका. एखादं पान चिकटलं असेल."

"एकेक पान सोडवून बघितलंय. तुमच्या माहेरचं बघितलंत का?"

"माझ्याकडे काय बघायचंय? आमच्यात असलं काही नाही."

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. तेच शब्द, तोच ठसका. दुसऱ्याचं कुसळ शोधत दहा दिवस घालवले होते बाईनं. त्या खाली बसल्या आणि आईचं नाव सांगितलं.

बायकांचा माग काढणं म्हणजे दिव्यच. लग्न झालं की आडनाव बदलतं, आणि बाई दप्तरातून जी गडप होते, ती थेट मेल्यावर दुसऱ्याच घरात सापडते. वहिनींवरून आई, आईवरून आजी. दर वेळी विवाहाचं रजिस्टर काढून माहेरचं आडनाव शोधायचं. आजीचं आडनाव वहिनींनी जन्मात पहिल्यांदा वाचलं. आजी माहेराबद्दल कधी बोलायचीच नाही. "कुणी उरलं नाही," एवढंच म्हणायची, आणि पोरंसोरं ते ऐकून खेळायला पळायची.

मग त्या आडनावाचे मृत्यू काढले. आजीचे वडील, वय एकतीस, कामावर कोसळून. थोरला भाऊ, सतरा, तळ्यात पोहताना बुडून. मधला, एकोणीस, जिन्यावरून पडून. धाकटा पंधराचा, शर्यतीत धावताना. लोकांनी सांगितलं ते लिहिणाऱ्यानं लिहिलं. हृदय कुणी लिहिलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. शेवटचा रकाना खबर देणाऱ्याचा. पहिल्या नोंदीत पत्नी, पुढच्या तिन्हींत आई, आणि चारही ठिकाणी एकाच बाईचा अंगठा. वहिनींची पणजी.

वहिनींना आनंद झाला. खोटं कशाला सांगा, आधी आनंदच झाला. सापडलं, पोरगी वाचली! मग पणजोबा, आजी, आई असं मोजत बोट स्वतःपाशी येऊन थांबलं.

"काका, म्हणजे त्याला मीच दिलं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नकला किती काढू, वहिनी?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि यंत्र बसवायला पोरीला सकाळी सातला उपाशीपोटी आणायला सांगितलं. वर म्हणाल्या, तुमचीही तपासणी करू. वहिनींना त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी सासरे दाराशीच बसले होते. वहिनींनी नकला त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"तुमच्या घराण्यात काही नाही, बाबा. माझ्याकडून आलंय. मी तुम्हाला नको ते बोलले."

आता म्हातारा तोंडसुख घेणार, घेऊ दे, असं ठरवून त्या उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी चारही कागद बोट फिरवत वाचले. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "उद्या हिच्याबरोबर जा. सही लागेल, ती कर."

कागद परत देताना त्यांनी त्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"हिचं पुढं काय झालं?"

वहिनींनी तीही नोंद काढून पाहिली होती.

"जगली," त्या म्हणाल्या. "एक्क्याण्णव वर्षं."