हुकावरचा रंग

शिकाऊ तंत्रज्ञांच्या त्या तुकडीत ती एकटीच बाई होती आणि वयानंही सगळ्यांत थोरली. शिलाई मशिनं दुरुस्त करून तिचा हात तयार झालेला, त्यामुळे पाना-पकडीचं तिला नवल नव्हतं. बोटींचं मात्र सगळंच नवीन. मुलगी वसतिगृहात, नवरा वर्षातले बरेच महिने जहाजावर. रिकामं घर खायला उठायचं. म्हणून ती जीवरक्षक बोटींची देखभाल करणाऱ्या त्या कार्यशाळेत दाखल झाली.

शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी एक भलामोठा लोखंडी हुक टेबलावर ठेवला.

"जहाजाच्या कडेला बोट अशा दोन हुकांवर टांगलेली असते. एक पुढे, एक मागे. बोट पाण्यावर टेकली की आतला दांडा ओढायचा, दोन्ही हुक एकदम सुटले पाहिजेत. आणि बांधताना दोन्ही पुरते बसले पाहिजेत. अर्धवट बसलेला हुक बोट वर असतानाच सुटला, तर बोट एका टोकावर लोंबकळेल आणि आतली माणसं थेट खाली."

"आतल्यांचा जीव टांगणीला लागला म्हणायचा," शेजारचा जाड चष्म्याचा मुलगा पुटपुटला. पोरं हसली. मास्तर हसले नाहीत.

मग रोज तेच. हुक खोला, पुसा, जोडा. स्वप्नातही तिला हुक दिसायला लागले.

पहिल्यांदा खऱ्या जहाजावर जायची वेळ आली, ते जहाज नेमकं नवऱ्याचंच निघालं. तो तिथं सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. सकाळी धक्क्याला लागून संध्याकाळच्या भरतीला निघणार, त्यामुळे त्याला घरी यायला सवड नव्हती. निदान कामाच्या निमित्तानं भेट तरी होईल, म्हणून ती खुशीत होती.

तोही खुशीत होता. मास्तरांच्या देखत त्यानं बोटीवर हात फिरवला. "बघ, कशी चकचकीत ठेवलीय! हुकालासुद्धा रंग दिलाय."

मास्तरांनी हुकाकडे नजर टाकली. "ताई, आज तुम्ही बघा," एवढंच म्हणाले.

आधी बोटीला दोन्ही टोकांना जादा तारांचा आधार दिला, मग ती आत शिरली. दांडा ओढला, पुन्हा जागेवर आणला. मागचा हुक खट्कन बसला. पुढचा बसल्यासारखा दिसला, पण सांध्यात नखभर फट राहिली. फटीत रंगाचा जाड थर साचून घट्ट झाला होता.

नवऱ्यानं डोकं आत घातलं. आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, रंगच आहे तो. दोन दणके घाल, बसेल. कप्तान साहेब उभे आहेत, माझी शोभा करू नकोस."

इतक्या महिन्यांनी भेटलेला माणूस. रुसला तर रुसवा फोनवरून काढायचा म्हणजे दिव्यच. पण फट डोळ्यांसमोरून हलेना.

"अहो, दणके घालून बसवलेल्या हुकाच्या भरवशावर मी बोटीत कुणाला कशी बसू देऊ?" ती म्हणाली, आणि बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं, "मास्तर, पुढचा हुक चालणार नाही. खोलावा लागेल."

मास्तरांनी स्वतः वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

कप्तानाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "रंग कुणी दिला?"

"मीच, साहेब," नवरा म्हणाला.

"मग खरवडायलाही तुम्हीच बसा."

अशी ती दोघं हुकाचे भाग पुढ्यात घेऊन शेजारी शेजारी बसली. बराच वेळ फक्त रंग खरवडायच्या पत्रीची खरखर. बरोबर आलेला चष्मेवाला दुसऱ्या टोकाला मागचा हुक पुसण्यात इतका गर्क, की कान इकडे आहेत हे लांबूनही कळत होतं.

"भांडायला घर कमी पडत होतं का?" शेवटी नवरा म्हणाला.

"घरी असता कुठे तुम्ही भांडायला!"

त्याला हसू आलं. ते त्यानं दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही. मग पत्री थांबवून तो म्हणाला, "आणीबाणीची घंटा झाली की बोटीत या हुकाखालची जागा माझी असते."

तिचा हात थांबला. तिनं त्याच्या रंगानं माखलेल्या बोटांकडे पाहिलं. "मग नीट खरवडा," ती म्हणाली, आणि स्वतःच पत्री जोरात चालवू लागली.

हुक जोडून झाला. मास्तर, ती आणि नवरा बोटीत बसले. बोट हळूहळू खाली उतरली, पाण्यावर डुलली. मास्तरांनी खूण केली, तिनं दांडा ओढला. दोन्ही हुक एकदम उघडले. परत जोडले तेव्हा दोन्ही खट्कन बसले. फट नावालाही नव्हती. नवऱ्यानं सांध्यावरून दोनदा बोट फिरवून खात्री केली.

पण या सगळ्यात भरती चुकली. जहाज आता सकाळीच निघणार होतं. कप्तान थोडा धुसफुसला, मग त्यानं सारंगाला सकाळपर्यंत सुट्टी देऊन टाकली.

धक्क्यावर उतरताना मास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ताई, खरं सांगा. या एका सुट्टीसाठीच जहाज अडवलं नाहीत ना?"

चष्मेवाला खोकला. ती लाजली, आणि हत्यारांची पेटी नवऱ्याच्या हातात देऊन भराभर फाटकाकडे चालू लागली.