एकाच पत्त्यावरचे दोघे

आमच्या ऑफिसात नावं ठेवायचा पगार मिळतो तो मला. प्रोग्रामर लोक जे बनवतात ते मोडून बघायचं आणि कुठे मोडलं ते त्यांच्या तोंडावर सांगायचं, हे माझं काम. आई म्हणते, हे तर तू पाळण्यातच करत होतीस.

टापटीप हा आमचा प्रोग्रामर. खरं नाव आहे त्याला, पण ते कोणी घेत नाही. टेबलावर एकच पेन, तेसुद्धा कडेला समांतर. तुम्ही चहाचा कप ठेवायला गेलात की खाली कागद सरकवणार. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, त्याला आम्ही 'धुलाई' म्हणायचो. काम साधं. वस्तूचं वर्णन माणसं वाटेल तसं लिहितात, स्वल्पविराम काय, कंस काय, मधेच चार मोकळ्या जागा काय. वेबसाइटच्या पत्त्यात यातलं काही चालत नाही. धुलाई तो सगळा कचरा काढायची, अक्षरं छोट्या इंग्रजी लिपीत आणायची, शब्दाशब्दात आडवी रेघ घालायची आणि शेपूट लांब असलं तर कापून टाकायची. मग जो सुटसुटीत पत्ता बाहेर येई, तीच त्या पानाची ओळख.

मुळात धुलाई लिहिली होती एका चपलांच्या दुकानासाठी. तिथला पोरगेला कारकून सेव्हचं बटण घाईघाईने दोन-तीनदा दाबायचा आणि एकच चप्पल साइटवर तीनदा दिसायची. म्हणून टापटीपने ठरवून टाकलं, पत्ता तोच आला की माल तोच. जुनं पुसायचं, नवं ठेवायचं. दुकानात झकास चाललं. पुढे आम्हाला शहराच्या शवागाराचं काम मिळालं. बेवारस सापडलेल्या प्रत्येक मृतदेहाचं एक पान, त्यावर फोटो आणि वर्णन, नातेवाइकांना ओळखता यावं म्हणून. टापटीपने धुलाई उचलली आणि जशीच्या तशी तिथे बसवली. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होते. मी असते तर पकडलं असतं, अशी बढाई मी मारणार नाही.

त्या साइटच्या तळाशी 'तांत्रिक अडचण असल्यास' म्हणून आमच्या ऑफिसचा नंबर होता. त्यावर एका बाईंचा फोन आला.

"तुमच्या पानावर काल माझा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "आज दुसराच कोणी आहे."

"दुसरं पान उघडलं असेल ताई."

"लिंक तीच आहे. त्याच्या शेजाऱ्याने पाठवलेली. काल मी फोटो पाहिला, पिशवी भरली, बसमध्ये बसले. इथे उतरून पुन्हा उघडलं तर हा कोण?"

मी त्यांना ऑफिसातच बोलावलं. पन्नाशीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेले, खांद्यावर प्रवासाची पिशवी. पाणी दिलं ते हातातच धरून बसल्या. भाऊ नळदुरुस्ती करायचा. एकटा राहायचा, घरी भांडून निघालेला, पण दर रविवारी बहिणीला फोन असायचाच. एका रविवारी आला नाही. "उजव्या हाताची करंगळी अर्धी आहे," त्या म्हणाल्या. "पाइप कापताना गेली. फोटोत तो हात वर ठेवला होता कोणीतरी, मुद्दाम, दिसावा म्हणून. चांगला माणूस असणार तो."

मी साइटच्या पोटात शिरले आणि घोळ सापडला. शवागाराचा कारकून वर्णन सरकारी क्रमाने लिहायचा. आधी अनोळखी पुरुष, मग अंदाजे वय, मग बांधा. करंगळी, चष्मा, शर्टाचा रंग हे सगळं शेवटी, आणि शेवट धुलाई कापायची. पन्नाशीचे दोन सडपातळ पुरुष पाठोपाठ आले, दोघांना एकच पत्ता मिळाला, आणि दुसऱ्याने पहिल्याला पुसून टाकलं. फोटोसुद्धा गेला, कारण फोटोलाही नाव पत्त्यावरूनच दिलेलं.

"अरे मेल्या, चपला आहेत का त्या?" मी टापटीपवर ओरडले, आणि जीभ चावली. बाई समोरच बसल्या होत्या.

टापटीप पडद्याकडे बघत राहिला. "पत्ता तोच आला तर नोंद तीच, असं मी..." त्याने पेन उगाच सरळ केलं. मग म्हणाला, "मागे आकडा जोडला की झालं. दोन ओळींचं काम आहे."

"दोन ओळी!" मी म्हटलं. "आता सुचल्या?"

बाईंनी आमचं भांडण मधेच तोडलं. "माझा भाऊ पानावर नसेल तर नसू दे. शवागारात तर असेल ना? आठवडाभरच ठेवतात म्हणे, मग सरकारच उरकून टाकतं. मला त्याला घरी न्यायचंय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तशीच उठले आणि त्यांच्याबरोबर निघाले.

शवागार म्हणजे इस्पितळाच्या मागची बसकी इमारत. फिनेलचा वास नाकात चढतो आणि मग कपड्यांत राहतो. तिथला राखणदार पांढऱ्या मिशांचा, त्याला सगळे मामा म्हणतात. फोटोत हात वर ठेवणारा तोच, हे मला लगेच कळलं, कारण कप्पा ओढण्याआधी त्याने बाईंना विचारलं, "बसून घेता का आधी?"

त्या उभ्याच राहिल्या. मामांनी मनगटावरची चिठ्ठी पाहिली, कापड बाजूला केलं. बाईंनी वाकून पाहिलं. चेहऱ्याची एक बाजू सुजून काळीनिळी झालेली, त्याच बाजूला ओठ फाटलेला. मी मान फिरवली. त्यांनी नाही फिरवली, नीट निरखून पाहिलं, मग उजवा हात उचलून बोटं पाहिली. पाचही पुरी होती.

"हा नाही."

"चिठ्ठी तर हीच आहे," मामा म्हणाले.

चिठ्ठी! मी ती हातात घेतली. मामा साइटवरून पान छापायचे आणि वरचा पत्ता कापून मनगटाला बांधायचे. आम्हीच सांगितलं होतं तसं करायला, घोळ नको म्हणून. दोन माणसं, दोन मनगटं, आणि चिठ्ठ्या अक्षरन् अक्षर सारख्या.

"मामा, अशाच चिठ्ठीचा आणखी कोणी होता का?"

 मामा स्टुलावर बसले. "काल एक आजोबा आले होते. एकटेच. साइटवर मुलाचा फोटो पाहिला म्हणाले, छापलेलं पान हातात. सुजलेली बाजू दिसू नये म्हणून तो फोटो मी चांगल्या बाजूनेच काढला होता. मी म्हटलं, एकदा चेहरा बघून घ्या. नको म्हणाले, फोटोत पाहिला तेवढा पुरे, आता बघवणार नाही. मी चिठ्ठी जुळवली आणि गुंडाळलेला तसाच दिला." त्यांनी कपाळ बडवून घेतलं. "देवा रे! ती करंगळी मी स्वतः पाहिली होती. देताना कापड उलगडलं असतं तर!"

"कुठे नेलं त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"विद्युतदाहिनीत. कालच झालं सगळं."

मला वाटलं त्या कोसळतील. नाही कोसळल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझा भाऊ त्यांच्या घरी आहे. पत्ता द्या. मी घेऊन येते."

मामा देईनात. नियम आहेत म्हणाले. मी म्हटलं, नियम आता आठवले होय? मग दिला.

आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहायचे. दार उघडं होतं. एका खोलीचं घर, खाटेवर दुमडलेली चादर, खिडकीपाशी स्टीलचा झाकणाचा डबा, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. बाईंची नजर थेट त्यावर गेली. मी त्यांचा हात धरला.

"तुम्ही मुलाच्या ओळखीच्या का?" आजोबांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता खुर्ची पुसायला लागले. "या, बसा. कोणीच आलं नाही हो. नऊ वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. मी बोललो होतो एक शब्द, तो त्याला लागला. बापाने एवढं बोलू नये का? पण नसतो बोललो तर बरं झालं असतं." ते बसले. "काल मात्र मी सगळं केलं. एकट्याने केलं. शेवटी माझ्याच हातून गेला, एवढं तरी झालं."

मी बाईंकडे पाहिलं. आता सांगतील, मला वाटलं. सांगायलाच हवं होतं. त्यांचा भाऊ हाताच्या अंतरावर होता आणि या माणसाचा मुलगा अजून त्या कप्प्यात पडला होता.

"एकच रुखरुख आहे," आजोबा म्हणाले. "फोटोत एकच बाजू होती, नीट तोंड नाही पाहिलं मी. घाबरलो. त्यांनी म्हटलं होतं बघा, मीच नको म्हटलं. रात्रभर तेच डोळ्यापुढे येतं, फार हाल झाले असतील का त्याचे? तुम्ही पाहिलात का हो त्याला?"

बाईंनी डब्याकडे पाहिलं.

"पाहिला," त्या म्हणाल्या. "शवागारात पाहिला मी. अगदी जवळून."

"कसा होता?"

"शांत होता. झोपल्यासारखा. कुठे ओरखडासुद्धा नव्हता."

आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडले. बाई उठल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग खिडकीपाशी गेल्या, फडक्याची गाठ सैल झाली होती ती घट्ट केली, तळवा क्षणभर डब्यावर ठेवला, आणि दाराबाहेर पडल्या.

जिन्यात मी त्यांना गाठलं. माझा संताप माझ्याच्याने आवरेना. "ताई, हे काय केलंत? त्यांचा मुलगा तिकडे पडलाय! तुमचा भाऊ ते उद्या कुठल्यातरी नदीत सोडून येतील! खरं सांगायला हवं होतं."

"तू सांग," त्या म्हणाल्या. "दार उघडंच आहे. जा."

मी वर पाहिलं. आतून आजोबांचं रडणं ऐकू येत होतं, आता जरा हळू झालेलं. मी दोन पायऱ्या चढले आणि तिथेच थांबले.

"जमत नाही ना?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कठड्याला धरून त्या सावकाश खाली बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि इतका वेळ अडवलेलं रडू एकदम फुटलं. "आईला काय सांगू गं? वाट बघत बसलीय ती. रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

मी त्यांच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, त्या कप्प्यातल्या माणसाला न्यायला कुठे सही करावी लागते.