झुंबरबाईनं फोडलेलं खापर

मी खापर बोलतेय. 'बोलतेय' म्हटल्यावर मास्तर लोक भुवया चढवतील, कारण पुस्तकात मी 'ते खापर'. असेना. सारं आयुष्य बायकांत गेलं. तोंड चालवायला त्यांच्याकडून शिकले, तर बोलणारही त्यांच्यासारखीच. चूक वाटली तर खुशाल लाल शाईनं खूण करा. माझ्या काळ्या अंगावर दिसली तर सांगा.

खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं, की खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा नव्हे. मी चांगलं परातीएवढं, धडधाकट मडकं आहे. चुलीवर मला पालथं घालतात. तोंड जाळात, ढुंगण आभाळाकडे. त्यावर हातांनी ताणताणून पातळ केलेली पुरणाची पोळी पसरतात. तिला मांडा म्हणतात. लोक मांड्याची तारीफ करतात. तो कशावर भाजला, हे सांगायला सगळ्यांनाच लाज वाटते.

माझा जन्म धुळ्याचा, पांझरेकाठचा. पुना कुंभारानं मला घडवलं. शेजारी घागरी होत्या, रांजण होते. आव्यात भाजून निघताना मी स्वतःला समजावलं, की एवढं भाजतायत म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं करणार. पुढे भडगावच्या बाजारात शेवंताबाईनं मला टिचकी मारली, ठण्ण आवाज ऐकला आणि उचललं. वाटलं, बाई माझ्या रूपावर भाळली. घरी नेलं आणि थेट उपडी केली.

शेवंताबाई ख्रिस्ती. नवरा जीवराम अचानक गेला, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली ती उठेचना. येईल त्याला एकच विचारायची, "देवानं मला मागं कशाला ठेवलं?" गावात चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. तिथल्या बायका रोज यायच्या, झाडून काढायच्या, घास भरवायच्या, प्रार्थना करून जायच्या. उपदेश कोणी केला नाही. एके दिवशी शेवंताबाई उठली आणि म्हणाली, "या बाया रोज येतायत, यांना कधी मी घासभर खाऊ घालणार का नाही?" तिनं चूल पेटवली. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते तिथं.

तेव्हापासून बाळंतीण असो, आजारी असो, कोणाच्या घरी मयत होऊन चूल थंड असो, शेवंताबाई हजर. नाताळला चर्चमध्ये केक नसतो, मांडे असतात. आणि मी? मी फुगले. प्रभूनं निवडलेलं पात्र ते मीच, असं मला वाटायला लागलं. तोंडात जाळ, नाकात धूर, पण रुबाब पाद्र्याचा!

भिंतीपलीकडे झुंबरबाई राहायची. हिंदू, घरची कपाशी, चार एकर केळी. दोघींची मैत्री अशी, की कोणाचं मीठ कोणाच्या बरणीत ते कळायचं नाही. एका नाताळला झुंबरबाईचा मोठा मुलगा नवल शेवंताबाईबरोबर चर्चला गेला, मांडे खाऊन आला. पुढच्या महिन्यात शेती नको म्हणून सुरतेला कामाला निघून गेला. झुंबरबाई अंगणात येऊन ओरडली, "तुमना येशू मन्हा पोरले पळवी लई गया! मन्हा उंबरावर पाय ठेवू नको!" गावानं म्हटलं, झुंबरबाईनं शेवंताच्या डोक्यावर खापर फोडलं. मी कोपऱ्यात धडधाकट! मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बोलणं बंद झालं. शेवंताबाई प्रार्थनेत दूरदूरच्या देशांसाठी मागायची, पण भिंतीपलीकडचं नाव काही तोंडातून निघत नव्हतं. मी ऐकत होते. पाद्रीणबाई असूनही गप्प बसले.

मग या वर्षीची आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया: लेकी माहेरी येणार, पितरांना पुरणाचा नैवेद्य दाखवणार. झुंबरबाईची मुलगी दिपमाला, तिची लग्नानंतरची पहिली आखाजी. संध्याकाळी व्याही जेवायला येणार, आणि झुंबरबाई केळीच्या बागेत घसरून हात मोडून बसलेली. प्लास्टर थेट दंडापर्यंत. पहिल्या आखाजीला ताटात मांडा नाही, म्हणजे पोरीला सासरी जन्मभर टोमणे.

दिपमाला आईला न सांगता आली. "मावशी, खापर देता?"

"ने."

"आणि तुम्ही?"

शेवंताबाई सुपातले गहू निवडत राहिली. "तुन्ही मायनं उंबरा बंद करेल शे ना, बेटा."

पोरगी मला घेऊन गेली. पहिला मांडा तिच्या हातावरच फाटला. दुसरा राखेत पडला. तिसरा माझ्यावर चिकटून कोळसा झाला. झुंबरबाई एका हातानं कपाळ धरून म्हणाली, "र्‍हाऊ दे व माय. बाजारना पेढा ठेवसूत." आणि तोंड फिरवून रडायला लागली.

मागच्या दारात सावली पडली. शेवंताबाई.

झुंबरबाईनं डोळे पुसले. "तुले कोनी बलावं?"

"कोनीच नही. खापरले पुरणना वास उना. मी त्याना मांगे उनू."

तेवढ्यात तिच्यामागून चर्चचा पंच प्रेमराज धापा टाकत आला, उंबऱ्याबाहेरच थांबला. "अक्का, नैवेद्याची पोळी आहे ही! आपल्याला चालते का?"

शेवंताबाईनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि मग वळली. "नैवेद्य त्यांचा, हात माझे. शेजाऱ्यावर प्रीती कर, एवढं सांगितलंय मला. आधी त्याचा देव्हारा तपासून ये, असं नाही सांगितलं. बोलायला आलाच आहेस तर सरपण आण. जाळ कमी आहे."

प्रेमराज गेला. थोड्या वेळानं कपाशीच्या काड्यांची मोळी दाराबाहेर धप्पकन पडली. आत तो आला नाही. तेवढा धर्म त्यानं राखला.

चुलीशी झुंबरबाई हळूच म्हणाली, "नवल गया, त्यानं खापर मी तुना डोकावर फोडं, शेवंता."

"फोडं ना? मंग हाई चुलावर काय शे?"

झुंबरबाईला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही. त्या दिवशी मांडे असे उतरले, की व्याह्यांनी बोटं चाटली.

रविवारच्या प्रार्थनेत माझा उल्लेख होणार, अशी माझी खात्री. शेवंताबाईनं देवाचे आभार मानले: झुंबरच्या हाताबद्दल, दिपमालाबद्दल, नवलबद्दल, मोळीबद्दलसुद्धा. माझं नाव नाही! मी दोन दिवस रुसले. मग लक्षात आलं, की त्या प्रार्थनेत शेवंताबाईनं स्वतःचंही नाव घेतलं नव्हतं. तिला त्याची आठवणच राहिली नव्हती. तेव्हा माझी मलाच लाज वाटली, आणि मातीला लाज वाटणं म्हणजे काय, ते भाजलेल्यालाच ठाऊक.

आता माझी कड उडाली आहे, पाठ घासून पातळ झाली आहे. कधी या घरी असते, कधी त्या. दोघी माझ्यावर हक्क सांगतात, घासायची वेळ आली की मात्र मी दुसरीची. माझं फार राहिलं नाही. एखाद्या दिवशी जाळ सोसणार नाही. जाण्याआधी एकच मागणं आहे: आपण कशाला जन्मलो हे शोधत लांब जाऊ नका. ज्या घराशी बोलणं तुटलंय, तिथं कोणी बोलावलं नसलं तरी एकदा जाऊन बघा.

परवाचा नाताळ सांगते आणि गप्प बसते. चर्चच्या मागे चूल पेटली होती. झुंबरबाई पदर खोचून आली. हात सांधलाय, पण जरा वाकडा. प्रेमराज दारातच होता. हरखून म्हणाला, "या अक्का, या! प्रार्थनेला आलात?"

"प्रार्थनाले नही उनू," झुंबरबाई म्हणाली. "शेवंता एकटी शे. सरक तिकडे."

तो सरकला.