गोटा ठेवू नये

धर्मेंद्र सर व्हिएतनामच्या डोंगरात आठ दिवस काय राहून आले, अन् आमच्या दरेकशाच्या डोंगरात सारंच चुकलेलं आहे असं त्यांले दिसाले लागलं. सर फुलचूरचे. पर्यावरणपूरक पर्यटनाची संस्था चालवतात. तिकडून आले तर डोक्यावर सुपाएवढी टोपी होती. म्हने, "तिकडचे लोक घरातच पाहुणे ठेवतात, बांबूच्या कपात चहा देतात, जंगलात कागदाचा कपटासुद्धा टाकत नाहीत!"

मी म्हटलं, "सर, आमी बी नाई टाकत. आमच्याजवळ कागदच नाई." सर हसले नाई.

पन माझी पोरगी रीना कान देऊन आयकून राहिली होती. बारावी पास झालेली. संस्थेले दरेकशाच्या डोंगरासाठी एक गाईड पायजे होती, एकच. गळ्यात ओळखपत्र, अन् बारा महिन्यांचं काम. ते भेटलं तर पोरगी घरी राहनार. नाई भेटलं तर सोमवारच्या गाडीनं नागपूर, कंपनीत खोके भरायचं काम, अन् एका खोलीत सहा पोरी. तिचा बाप गेल्यापासून घरात आमी दोघीच. मले ती जायले नोको होती, बस. लाजायचं कायले?

आता आमच्या टोल्याची एक रीत सांगते. आमचा टोला, म्हनजे डोंगरातली लहानशी वस्ती, गोंडांचा. डोंगरात जिथं वाट फुटते, तिथं घराकडच्या वाटेवर गोट्यांचा ढीग असते. जानाऱ्यानं तिथं एक गोटा ठेवायचा, "घरी आन वो माय" म्हनायचं अन् पुढं जायचं. माझ्या सासूनं ठेवले, तिच्या सासूनं ठेवले. त्या ढिगाले आमी गोटामाय म्हनतो.

सरांनी पयल्याच आठवड्यात मजूर लावले अन् साऱ्या गोटामाया उचलून नाल्यात टाकल्या. काऊन? तर म्हने, "नियम क्रमांक एक. जंगलात माणसाची खूण दिसता कामा नये."

"मंग पाहुन्याले वाट कशी दिसन?"

त्याचा बी इलाज सरांजवळ होता. धानाच्या तनशीचे, म्हनजे वाळल्या पेंढ्याचे, बाण वळवून घेतले, अन् वाटेवाटेले झाडांवर टांगले. "शंभर टक्के नैसर्गिक, बाई! आपोआप मातीत मिसळून जातात."

मी म्हटलं, "सर, उलंगवाडी झाली. धान घरी आलं, गावाची सारी ढोरं मोकळी सुटली."

"इथं ढोरांचा काय संबंध?"

घ्या! धानाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या मानसाले तनिस कोन खाते ते आता मी सांगू?

शनिवारी त्या गाईडच्या जागेची परीक्षा होती. परीक्षा घ्यायले दोन साहेब विमानानं बिरसीले उतरले अन् दोन गाड्या घेऊन टोल्यावर आले. एका गाडीत साहेब, दुसऱ्या गाडीत धूर कमी कसा करायचा त्याचे फलक. दोनी गाड्या आमच्या आंब्याखाली दिवसभर घुरघुरत उभ्या, कारन ड्रायव्हरले मोबाइल चार्ज करायचा होता. हरेकाले पानी प्यायले बांबूची नळी दिली, अन् हरेक नळी प्लास्टिकच्या पिशवीत. त्या पिशव्या मंग रीनानं गोळा केल्या.

परीक्षा दोघींची. दुसरी डिंपल, सरांच्याच फुलचूरची. इंग्रजी फाडफाड. पोरगी वाईट नाई, उगाच कायले नाव ठेवू. पन आमचा डोंगर तिनं गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेला. सरांनी सांगितलं, जाताना डिंपल पुढं चालन, येताना रीना. साहेब कागदावर गुन लिहिनार. मी साऱ्यांच्या मागं, डोक्यावर जेवनाची टोपली घेऊन.

पयले दोन बाण बरोबर भेटले. तिसऱ्या बाणाजवळ आमच्या बिसरामचा पांढरा बैल उभा होता. अर्धा बाण तोंडात, अर्धा बाहेर.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "ये क्या खा रहा है?"

सर म्हनाले, "सर, ये मिट्टी में मिलने की प्रक्रिया है."

त्याच्यापुढं एक बी बाण राहिला नोता. डिंपलनं मोबाइल काढला, तर त्याले रेंज नाई. सर म्हनाले, सरळ चला. सरळ चालता चालता आमी एकाच खडकाजवळ तीनदा आलो. मी तिथं बसून साऱ्यांले जेवाले वाढलं. जेवून पुन्हा चाललो, तर चौथ्यांदा तोच खडक! लहान्या साहेबाच्या पायाले फोड आले. मोठे साहेब विचारत, "इधर भालू है क्या?" मी म्हटलं, "है ना साब, भोत है." मले राग आला होता, मंग काय करू?

दिवस कलला तशी सरांची टोपी हातात आली. हळूच म्हनाले, "रीना, परत कसं जायचं?"

रीना म्हनाली, "चला."

अन् चालू लागली. जिथं वाट फुटन तिथं ती खाली पाहे, एक गोटा दिसे, अन् ती तिकडं वळे. ते गोटे कोनी ठेवले? तिनंच! सकाळपासून मागं राहून पोरगी हरेक फाट्यावर वाके, गोटा ठेवे, ओठातल्या ओठात गोटामायचं नाव घे. लहानपनची सवय, हात आयकते काय? मी पाहत होती. कोनी पाहून गुन कापू नये म्हनून मी टोपली आडवी धरून उभी राहो. असे सात गोटे. सातव्या गोट्यापुढं आमचा आंबा दिसला, अन् गाड्यांची घुरघुर आयकू आली.

मोठ्या साहेबांनी रीनाच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, आज तूने बचा लिया." मले तं वाटलं, झालं! पोरगी घरीच राहिली. टोपली खाली ठेवून मी पदरानं डोळे पुसले.

मंग आंब्याखाली सरांनी निकाल वाचला. डिंपल, नियम क्रमांक एक, जंगलात खुना शून्य, पैकीच्या पैकी. रीना, जंगलात सात ठिकानी खुना. नापास.

मी उठलीच. "साहेब, त्याच खुना पाहत पाहत तं तुमी जिवंत आले ना!"

सर म्हनाले, "हो बाई. म्हणूनच तर त्या बरोबर मोजता आल्या."

मोठे साहेब गाडीत जाऊन बसले होते. काच वर होती.

सोमवारी रीना गेली. टेसनावर मी रडली नाई. गाडी बोगद्यात शिरली, तशी तिथंच फलाटावर बसली अन् पोटभर रडली.

महिन्यानं खिंडीकडं जात होती तं काय पाहते! जुन्या जागेवर गोटामाय परत आली. नाल्यातले गोटे आनून रचले, सिमेंटनं पक्के केले, चहूकडून साखळी लावली, अन् समोर मोठा बोर्ड. सर तिथंच फोटो काढून राहिले होते.

"पाहा धनवंताबाई! प्राचीन परंपरा! बाहेरच्या पाहुण्यांना हेच आवडतं. व्हिएतनामच्या डोंगरातही असेच ढीग पाहिले मी."

मी वाकली अन् पायाजवळचा एक गोटा उचलला.

"अहो बाई, बाई! बोर्ड दिसत नाही का? गोटा ठेवू नये असं स्पष्ट लिहिलंय."

"मले वाचता येत नाई, सर. घरात वाचता येनारी एकच होती. तिले तुमी नागपूरले धाडलं."

मी साखळीवरून हात घालून सिमेंटवर गोटा ठेवला, रीनाचं नाव घेतलं, अन् म्हटलं, घरी आन वो माय.