गाडी उचलायची रीत

गुरांच्या डॉक्टरणीचा खांदा मोटारसायकलवरून पडून कामातून गेला, असं अर्ध्या गावाचं ठाम मत होतं. खरं तर तो एका गाईमुळे गेला, आणि त्यात गाईचाही दोष नव्हता. गाय अडली होती, वासराची मान मागे वळलेली होती आणि डॉक्टरणीचा उजवा हात खांद्यापर्यंत आत होता. कळ सोसेना म्हणून गाय एकाएकी खाली बसली. खांद्यात जाड कापड फाटावं तसं काहीतरी झालं. ते ऐकू आलं की नुसतं जाणवलं, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. मान तोवर सरळ झाली होती, तेव्हा उरलेलं काम तिने डाव्या हाताने केलं. वासरू जिवंत निघालं. तिने हात धुतले, औषध लिहून द्यायला पेन उचललं, आणि पेन बोटांतून गळून पडलं. तेव्हा कुठे ती गोठ्यातल्या पालथ्या बादलीवर बसली.

खांद्याला धरून ठेवणारा स्नायू हाडापासून सुटला होता. सर्जनने तो पुन्हा हाडाला शिवला. भूल पुरती उतरलीही नव्हती, तेव्हा तिने विचारलं, "मोटारसायकल कधी?" सर्जन म्हणाला, पाच महिन्यांनी बोलू. नर्सच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरणीने त्यावर त्याच्या शिक्षणाबद्दल काहीतरी शंका काढली. पण ते तिला आठवत नव्हतं.

बावीस वर्षं ती त्या मोटारसायकलवर हिंडत होती. गाडी वजनदार, काळी, मागे औषधांची लोखंडी पेटी. डेअरीची व्हॅन जिथवर जायची तिथून पुढचे सगळे गोठे तिच्या वाट्याचे. तिच्या गाडीचा आवाज आला की कुत्री भुंकायची थांबत, कारण आज सुई कुणाला, हे त्यांना ठाऊक नसे.

आता ती घरात होती, उजवा हात गळ्यातल्या पट्टीत, आणि घरात आणखी दोन माणसं. नवरा मुद्रितशोधक, प्रकाशकांकडून येणारे कागदांचे गठ्ठे खिडकीपाशी बसून तपासायचा. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, जिभेने ठणठणीत. नवऱ्याने पहिल्याच दिवशी तिची वेणी घालायचं काम अंगावर घेतलं. शब्दातला काना जरा कलला तरी त्याला खपायचा नाही, पण वेणी मात्र कानाकडे कललेलीच निघायची. सासूबाईंनी ती पाहून सांगितलं, की सुगरण पक्षीसुद्धा पहिलं घरटं असंच बांधतो, दुसऱ्यांदा सुधारतो. नवऱ्याचं सहाव्यांदाही सुधारलं नाही.

लोकांच्या गाई-म्हशींना महिना-महिना विश्रांती सांगणारी बाई स्वतः चौथ्या दिवशी वैतागली. डाव्या हाताने कपाटं लावली, मग ती लावणी पसंत पडेना म्हणून पुन्हा काढली. फोनवरून लोकांच्या शेळ्यांवर उपचार केले. नवऱ्याच्या कामात डोकावून हा लेखक खोटारडा आहे, म्हशीला असा ताप येतच नाही, असं सांगितलं. सासूबाई मुलाला म्हणाल्या, "घरात बसलेली डॉक्टरीण म्हणजे दाढदुखी रे. बाहेरून दिसत नाही, पण ठणकते सगळ्यांना."

दीड महिन्याने पट्टी निघाली आणि व्यायाम सुरू झाले. फिजिओथेरपिस्ट तिच्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी, बोलायला मऊ आणि कामात कडक. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची, हा त्यातला मुख्य प्रकार. बोटं जिथवर पोचतील तिथे नवरा पेन्सिलीने बारीक रेघ मारायचा आणि तारीख लिहायचा. रेघा कधी बोटभर चढायच्या, कधी केसभर. एके दिवशी हात आदल्या दिवसापेक्षा खालीच राहिला. डॉक्टरणीने भिंतीवर कपाळ टेकलं. नवऱ्याने रेघ मारली, आणि तिच्याखाली एका ओळीत चार टिंबं दिली. हे काय, असं तिने विचारलं. छापखान्यात ही खूण खोडलेल्या शब्दाखाली देतात, त्याने सांगितलं. म्हणजे खोडू नका, आहे तसं राहू द्या. ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी न सांगता भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

पाचव्या महिन्याच्या शेवटी सर्जनने हात सगळीकडून फिरवून पाहिला आणि गाडीला होकार दिला. गाईंच्या पोटात हात घालायचं मात्र अजून तीन महिने नाव काढायचं नाही. फिजिओने आणखी एक अट घातली: आधी बंद गाडी ढकलत दहा पावलं न्यायची आणि जोरात ब्रेक दाबायचा, खांदा बोलला नाही तरच वर बसायचं. आणि गाडी कलंडायला लागली, तर ती धरायची नाही, सोडून द्यायची. हे तिने डॉक्टरणीकडून दोनदा वदवून घेतलं.

डेअरीच्या सुट्टीच्या दिवशी मागचं आवार रिकामं असायचं. तिथे ती पहिल्यांदा गाडीवर बसली. नवरा सोबत होता. त्याचा तिथे काय उपयोग होणार होता हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण तो होता. क्लच सुटला, गाडी हलली, आवार संपेपर्यंत गेली आणि वळली. खांदा दुखला नाही. दुखले ते पंजे. हँडल तिने इतकं आवळून धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागला. कशाची भीती वाटते, असं नवऱ्याने विचारलं. तिने विचार करून सांगितलं, की भीती अशी नाही, पण हा हात आपला आहे यावर अजून विश्वास बसत नाही. भाड्याने आणल्यासारखा वाटतो.

तीन आठवड्यांत ती भावना बरीच गेली. ती बाजारात जाऊन आली, दवाखान्यात गेली, मग जवळच्या गोठ्यांवर. अडलेल्या गाईंसाठी तिचा दवाखान्यातला सहकारी व्हॅनमधून जायचा. ताप, लंगडणं, लसी हे सगळं तिने परत हातात घेतलं. सासूबाईंनी घरात शांतता झाल्याचं समाधान व्यक्त केलं.

आणि मग एका दुपारी लांबच्या मळ्यावरून परतताना, लहानशा पुलाच्या अलीकडे, मेंढरं आडवी आली. ती थांबली. उजवा पाय टेकला तो नेमका सुट्या खडीवर. पाय सरकला, आणि गाडी कलंडू लागली; एखादं म्हातारं माणूस आरामखुर्चीत बसावं तशी, अगदी सावकाश. बावीस वर्षांची सवय म्हणाली, धर. तिचा हात आवळलाही. मग तिने सोडून दिलं आणि बाजूला झाली.

मेंढरं गेली, मेंढपाळही पुढे निघून गेला होता. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पेटी उघडून पाहिली. बाटल्या शाबूत होत्या. उजवा आरसा फुटला होता, ब्रेकचं पेडल वाकलं होतं. खांदा ठीक होता. पण गाडी रस्त्यावर आडवी होती. आजवर गाडी पडली की हँडल धरून एका हिसक्यात ती उभी करायची. तो हिसका खांद्यातूनच यायचा. तिने हँडलला हात लावला, काढला. पुन्हा लावला. मग पुलाच्या कठड्यावर जाऊन बसली. इतकी वर्षं या रस्त्यावर लोक तिला हात करून थांबवत आले होते. आपण कुणाला हात करून थांबवायची वेळ तिच्यावर आली नव्हती, आणि तो कसा करायचा हेही तिला नीटसं सुचेना.

वीस मिनिटांनी पावाची व्हॅन आली. चालवणारी बाई धिप्पाड, पन्नाशीची, केसांत पीठ. ती आपणहून थांबली आणि काचेतून विचारलं, "हात दुखावलाय का?"

"नाही. दुखवायचा नाहीये, म्हणून बसलेय."

पाववालीला हे पटलं. ती उतरली, दोघींनी मिळून गाडी उभी केली, आणि कुणी कुणाचं फार आभार-प्रदर्शन न करता दोघी दोन दिशांना गेल्या.

घरी येऊन डॉक्टरणीने गाडी भिंतीला लावली. फुटका आरसा भिंतीकडे येईल अशी. घरात काही बोलली नाही. जेवताना नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गाईने काय खाल्लं ते लपवणाऱ्या मालकांवर ती जन्मभर खेकसत आली होती. आता दारातून येता-जाता आपली नजर गाडीवरून चुकवताना तिला ते सगळे मालक एकेक करून आठवले.

नवराही काही बोलला नाही, आणि तेच तिला टोचत होतं. चारशे पानांत हरवलेला एक अनुस्वार शोधून काढणारा माणूस. त्याला फुटलेला आरसा दिसला नसेल हे शक्यच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला तिने सांगून टाकलं. "परवा गाडी पडली. मी नाही, गाडी."

त्याने लाल पेनाला टोपण लावलं. त्याच संध्याकाळी आपण पाहिलं होतं, असं तो म्हणाला. मग विचारलं का नाहीस, असं तिने जरा तोऱ्यातच विचारलं. तो म्हणाला, "तुझी चूक दाखवली की तू ती दुरुस्त करत नाहीस. पानच फाडतेस." ते खोटं नव्हतं. तीन दिवसांत दोनदा तिच्या मनात आलं होतं की गाडी विकून टाकावी.

तिने पुलावरचं सगळं सांगितलं, पाववालीसकट. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तू पडशील याची मला फारशी भीती नाही. बावीस वर्षांत ती जिरली. एकटी असताना तू गाडी उचलायला जाशील, आणि तो हात पुन्हा जाईल, ही भीती आहे."

"मी नाही उचलली."

"यावेळी नाही."

सासूबाई पलीकडे बशीत चहा ओतत होत्या. त्या म्हणाल्या, "मग तिला कुणीतरी नीट उचलायला शिकवा की. त्यात भांडायचं काय आहे?"

ब्रेकचं पेडल सरळ करायला गाडी न्यायचीच होती. मेकॅनिक साठीचा, काटकुळा, स्वतःचं वजन गाडीच्या चाकाइतकं. हँडल ओढून गाडी उचलतो तो आज ना उद्या दवाखान्यात जातो, त्याने सांगितलं. त्याने बरेच पाहिले होते. त्याने त्या काळ्या गाडीला अलगद आडवं केलं आणि दाखवलं. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर आधी पलीकडचं स्टँड उघडायचं, नाहीतर उचललेली गाडी त्या बाजूला जाते. मग गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकून उकिडवं बसायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा नुसता धरायचा, ओढायचा नाही. आणि पायांनी मागे सरकत राहायचं, एक-एक वीत. गाडी पाठीवर चढत आल्यासारखी उभी राहिली.

डॉक्टरीण पाहत राहिली आणि हसायला लागली. बसलेली गाय अशीच उठवतात, ती म्हणाली. शिंगं नि शेपटी ओढणारे आठजण असतात आणि गाय ढिम्म हलत नाही. खांदा तिच्या बरगडीला लावून पायाने रेटा दिला की ती आपलं काम आपण करते. हे ती दर महिन्याला कुणाला तरी शिकवत होती. "मग आजवर गाडीला का ओढत होतात?" मेकॅनिकने विचारलं. तिने सांगितलं, गाडीला पाय नाहीत म्हणून डोक्यात आलं नाही.

फिजिओला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हे यावेळी तिने स्वतःच ठरवलं. फिजिओ रविवारी घरी आली. अंगणात जुनी गादी टाकली, गादीवर गाडी आडवी केली. सासूबाईंनी खुर्ची मागवून घेतली आणि पाय पसरून बसल्या. पहिल्या खेपेला गाडी जरा हलली आणि परत झोपली. फिजिओ म्हणाली, कोपरं सरळ, खांदे खाली, रेटा मांड्यांतून. दुसऱ्या खेपेला गाडी अर्ध्यापर्यंत आली आणि डॉक्टरणीची चप्पल सटकली. तिने चपला काढल्या, बूट घातले. तिसऱ्या खेपेला ती वीतवीत मागे सरकत गेली. चेहरा लाल, दात आवळलेले. आणि गाडी स्टँडवर जाऊन टेकली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फिजिओने लगेच खांदा चाचपून पाहिला, हात वर करायला लावला. हात वर गेला. दोन मांजरी एकाच वेळी भांडाव्यात तसं काहीतरी मांड्यांत होतंय, असं डॉक्टरणीने सांगितलं. खांद्यात काही नाही. आठवड्यातून दोनदाच, त्याहून जास्त नाही, असं फिजिओने बजावलं.

मग नवरा म्हणाला, मीही करून पाहतो. गाडी पुन्हा गादीवर आडवी केली. त्याने शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या, सीटला टेकला, आणि बराच वेळ तसाच टेकून राहिला. गाडी जागची हलली नाही. "रेटतोयस ना?" सासूबाईंनी विचारलं. रेटतोय, तो म्हणाला. "दिसत नाहीये ते," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरणीला इतकं हसू आलं की तिला गादीवर बसावं लागलं. तोही हसला, तिच्या शेजारी बसला. दोघं बराच वेळ आडव्या गाडीजवळ बसून होते.

पुढच्या महिन्यात त्याला तपासलेल्या कागदांचा गठ्ठा छापखान्यात पोचवायचा होता आणि तिला त्याच रस्त्याने तीन गोठे करायचे होते. बावीस वर्षांत तो तिच्या मागे कधी बसला नव्हता. बसच बरी, असं त्याचं म्हणणं असायचं. त्या दिवशी त्याने बसची वेळ पाहिली नाही. मागची पेटी काढून ठेवावी लागली, औषधं तिने बाजूच्या थैल्यांत भरली. तो गठ्ठा पोटाशी धरून बसला, आणि दर वळणाच्या आधी तिला वळणाची कल्पना दिली. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

छापखान्याच्या दारात तो उतरला. येताना मी बसने येईन, त्याने सांगितलं. पण उद्या बाजारात जायचं असेल तर मागे बसायला त्याची ना नव्हती. तिने बरं म्हटलं, हेल्मेटची पट्टी घट्ट केली आणि गोठ्यांच्या रस्त्याला लागली. एक लंगडी शेळी, दोन तापाच्या गाई. दुपारच्या आत तिन्ही कामं झाली.