पाच मार्कांचा वास

परशुराम सरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी जिल्ह्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये शिरा, टेबलावर नाहीतर खणात त्यांची मार्गदर्शिका सापडणारच. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचं हे निळ्या कव्हरचं दीडशे पानांचं पुस्तक कुडाळच्या छापखान्यात छापलेलं. मुलं त्याला 'पोथी' म्हणत. सरांना ते कळलं तेव्हा त्यांनी रागावल्याचं नाटक केलं खरं, पण मनात लाडू फुटले होते.

पुस्तक चाललं ते त्यातल्या वासांमुळे. इंग्रजी पुस्तकं सांगायची, अमक्या जंतूला जळक्या चॉकलेटचा वास येतो. आता मालवणातल्या कुठल्या घरात चॉकलेट जळतं? सरांनी सरळ लिहून टाकलं, उन्हात राहिलेल्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा. दुसऱ्याला पिकल्या जांभळांचा. तिसऱ्याला मळ्यातल्या भिजल्या मातीचा. 'आधी नाक, मग डोळे, शेवटी सूक्ष्मदर्शक' हे त्यांचं वाक्य तर पोरांना तोंडपाठ. तोंडी परीक्षेत ते डोळ्यांना रुमाल बांधून जंतूंचे ठिपके, म्हणजे कॉलनी, उगवलेल्या पाच प्लेटी हुंगायला लावत. एका प्लेटीचा एक मार्क. सव्वीस वर्षं हा खेळ चालला आणि कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही, असं सर अभिमानाने सांगत.

पाचपैकी पाच मार्क मिळवणारी एकच, बांद्याची अक्षया. तेराव्या वर्षापासून मधुमेह होता तिला. इन्सुलिन ठेवायला सरांनी कॉलेजच्या फ्रिजमधला खालचा कप्पा तिला दिला होता आणि डब्यावर स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं होतं. सरांना मूलबाळ नव्हतं. या पोरीत त्यांचा जीव होता, यात लपवण्यासारखं काही नाही. आता ती मालवणातल्या एका खासगी हॉस्पिटलची लॅब सांभाळत होती आणि हाताखाली दीपिका आणि आलिमा अशा दोन पोरी शिकत होत्या.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"सर, एक प्लेट माका गोंधळात टाकता. मसुऱ्याचो दत्ताराम म्हणान एक शेतकरी आसा. लावणीत पायाक फाळ लागलो, तेच्यानंतर महिनो झालो ताप जायना. डॉक्टरांनी टीबीची औषधा सुरू केली, पण गुण नाय. मानेर गळू इला, तेचो पू प्लेटीर लावलंय."

"काय वाढला?"

"सुक्यो, सुरकुतलेल्यो कॉलनी."

"वास?"

"भिजल्या मातयेचो सर. एकदम बरो वाटता."

सर हसले. उत्तर त्यांच्याच पुस्तकात होतं. "मग पोथी उघड गो. पान एकशे बेचाळीस."

"वाचलंय सर. मातीचा वास आला तर ती वाढ बाहेरून पडलेली समजावी, प्लेट फेकावी. पण मी दोनदा लावलंय आणि दोनदाय ह्याच इला."

इथे सरांनी थांबायला हवं होतं. दोनदा तेच आलं म्हणजे ती धूळ नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण आपण लिहिलेलं छापून आलं की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं.

"अगो, मळ्यातलो माणूस तो. अंगाक माती आसतलीच. कंटॅमिनेशन म्हणान लिव आणि सोड. आणि तुझ्या त्या दोन पोरींकाय वास घेवक सांग. असो वास पुस्तकात वाचून कळना नाय."

"बरां सर," ती म्हणाली.

सोमवारी दुपारी सर व्हरांड्यात चौथ्या आवृत्तीची प्रुफं तपासत बसले होते. मधल्या काळात जंतूंची नावं बदललेली, ती पडताळून घ्यावीत म्हणून त्यांनी कपाटातला एक इंग्रजी संदर्भग्रंथ काढला. दोन खंड, एकेक उशीएवढा. सर्वेश नावाच्या जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून पाठवलेला. दोन वर्षं झाली, अजून त्याचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. आपण पोथी लिहिलेली असताना दुसऱ्याची कशाला उघडा!

प्लास्टिक फाडून ते पानं चाळत गेले आणि एका फोटोपाशी थांबले. सुक्या, सुरकुतलेल्या कॉलनी. खाली नाव होतं, बर्कहोल्डेरिया. भातशेतीच्या ओल्या मातीत राहतो, जखमेतून शिरतो, पुष्कळदा टीबी समजून उपचार होतात, लॅबमध्ये पुष्कळदा कंटॅमिनेशन म्हणून फेकला जातो. सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. पुढे वेगळ्या चौकटीत ठळक छापलं होतं की या जंतूला मातीसारखा वास येतो, पण प्लेट कधीही हुंगू नये. श्वासावाटे तो फुप्फुसात जातो. ज्याने हुंगली त्याला लगेच, शक्यतो पहिल्याच दिवशी, प्रतिबंधक औषध सुरू करावं. आणि धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर मधुमेह असलेल्यांना.

चौकट त्यांनी तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी त्यांना अक्षरं दिसेनात, फ्रिजमधला तो खालचा कप्पा दिसायला लागला.

त्यांनी फोन उचलून अक्षयाचा नंबर लावला. एक रिंग गेली आणि त्यांनी तो ठेवून दिला.

का ठेवला? तर त्यांच्या डोळ्यासमोर सव्वीस वर्षांची पोरं उभी राहिली, रुमाल बांधलेली, नाक पुढे केलेली. अक्षयाला सांगायचं म्हणजे त्या सगळ्यांना सांगणं आलं. सरांनी स्वतःची समजूत घातली, इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही, एका प्लेटीने काय होतं?

दोन मिनिटांत तिचाच फोन. "सर, फोन केल्लास?"

"होय गो." सरांनी प्रुफं पुढ्यात ओढली. "ता... नव्या आवृत्तीत तुझा नाव घालतंय. मदत केलस म्हणान. स्पेलिंग विचारूचा होता."

ती इतकी खूश झाली की सरांना फोन कानाशी धरवेना. तिने स्पेलिंग सांगितलं, त्यांनी ते प्रुफाच्या कोपऱ्यात लिहूनही घेतलं.

मंगळवारी त्यांनी एकशे बेचाळीसाव्या पानावर लाल पेन चालवलं. 'प्लेट फेकावी' खोडलं. 'आधी नाक' खोडलं. त्या जागी 'कोणतीही प्लेट हुंगू नये' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि प्रुफं कुडाळला पाठवून दिली. पुढच्या जूनपासून जो हे पुस्तक घेईल तो सुखरूप राहणार होता. बुधवारी दिवसभर सर याच विचाराला धरून बसले, आणि कुणी हाक मारली की दचकत होते.

गुरुवारी सकाळी बायको, जानकी, चहा घेऊन आली. मसुरे तिचं माहेर.

"आयकलास? आमच्या वाडीतलो दत्ताराम गेलो. गोव्याक नेल्लो, थंयच गेलो. शेवटाक डॉक्टर म्हणाक लागले, टीबी नव्हतोच. आधी कळला असता तर वाचलो असतो."

सरांनी चहाला हात लावला नाही. तो जाड खंड पिशवीत घातला आणि चपला पायात सरकवून रिक्षा केली.

लॅबमध्ये दीपिका आणि आलिमा काचपट्ट्या धूत होत्या. अक्षया खुर्चीत बसली होती. बाहेर घाम काढणारा उकाडा आणि हिच्या अंगात स्वेटर. टेबलावर निळी पोथी.

"सर! तुम्ही इलास? सांगलास असता तर..." खोकल्याने वाक्य अर्धंच राहिलं. "काय नाय, कालसून जरासो ताप आसा. पावसाळी हवा."

सरांनी खंड टेबलावर ठेवला, पान उघडलं आणि तिच्यापुढे सरकवला. ती वाचायला लागली. बोट ओळीखालून सरकत होतं, जसं ते तिला शिकवायचे तसंच. चौकटीपाशी ते बोट थांबलं.

तिने हळूच मान वळवून दोन्ही पोरींकडे पाहिलं.

"दीपिका, आलिमा, हातातला ठेवा. आत्ताच्या आत्ता वर डॉक्टरांकडे जावा आणि त्यांका हकडे घेवन येवा. शनिवारी आपण तिघींनी ती प्लेट हुंगली म्हणान सांगा. धावा."

पोरी गोंधळून एकमेकींकडे बघत गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज विरला. लॅबमध्ये फ्रिजची घरघर तेवढी राहिली.

"दत्ताराम?" तिने विचारलं.

"गेलो," सर म्हणाले.

तिने डोळे मिटले. 'कंटॅमिनेशन' लिहून पाठवलेल्या त्या अहवालाखाली तिची सही होती. सरांना वाटलं, आता ती रडेल, ओरडेल, काहीही करेल तर बरं. तिने डोळे उघडले, पुन्हा त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि 'पहिल्याच दिवशी' या शब्दांखाली ते दोनदा फिरवलं.

"शनिवारी तुमका म्हायती नव्हता," ती म्हणाली. विचारत नव्हती ती, त्यांची बाजू घेत होती. "नायतर तुम्ही पोरींका वास घेवक सांगलासच नसतास."

"नाय गो. नव्हता म्हायती."

"मग कधी कळला, सर?"

'आज' एवढंच म्हणायचं होतं. आज सकाळी दत्तारामाचं कळलं, पुस्तक काढलं, धावत आलो. तिने विश्वास ठेवला असता. ही पोरगी आजवर सरांनी सांगितलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवत आली होती. सरांनी तोंड उघडलं, आणि तिच्या स्वेटरच्या बाहीतून बाहेर आलेलं ते तापलेलं मनगट त्यांना दिसलं.

"सोमवारी," ते म्हणाले.

अक्षयाने चौकटीवरचं बोट उचललं.

"सोमवारी तुम्ही माका फोन केल्लास," ती म्हणाली. "स्पेलिंग विचारूक."

वरून डॉक्टरांच्या पावलांचा आवाज यायला लागला. तिने खंड स्वतःकडे ओढून घेतला, पानात खूण घातली आणि निळी पोथी उचलून सरांच्या हातात दिली.