शिंक न आणणारी मांजर

कवळीवाल्याला मांजर हवी होती आणि मांजरीचं त्याला वावडं होतं. पोहता न येणाऱ्यानं विहिरीचा भाव विचारत फिरावं, तसला प्रकार.

दिवसभर तो एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत तोंडाला मास्क बांधून लोकांच्या कवळ्या घासायचा. फळीवर ओळीनं मांडलेले दात त्याच्याकडे बघून हसत असायचे. घरी त्याच्याकडे बघून हसणारं माणूस एकच. ते दहा वर्षांचं होतं आणि रविवारी यायचं. नवराबायको वेगळे झाल्यापासून मुलगी आईकडे होती. आईकडे एक म्हातारी मांजरही होती.

हल्ली मुलगी आली की आपणहून लांब, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. जेवली की निघायची. मागच्या खेपेला तर दारातच म्हणाली, "बाबा, आता काही दिवस नाही आले तर चालेल?"

"चालेल की," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी एका आजोबांच्या कवळीत दोनाऐवजी तीन सुळे बसवले.

मग त्यानं शांतपणे निष्कर्ष काढला. तिकडे मांजर आहे, इकडे बाप आहे. पोरीनं मांजर निवडली, यात पोरीचं काय चुकलं? तेव्हा इकडेही मांजर आणायची.

"नाकावर निभावतंय तोवर ठीक," डॉक्टरांनी बजावलं होतं. "छातीत उतरलं तर गंमत नाही." त्यामुळे मांजर मऊ हवी, मायाळू हवी आणि शिंक न आणणारी हवी. आखूडशिंगी, बहुदुधी.

जातिवंत मांजरी विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पहिलीच काढली ती बिनकेसांची. गुलाबी, सुरकुतलेली. कवळीवाल्याला ती ओळखीची वाटली. दात बसवायच्या आधी कवळीची हिरडी अशीच दिसते. त्यानं तिच्या मानेत नाक खुपसलं. बघता बघता डोळे टोमॅटोसारखे झाले.

"केस नाहीत, तरीसुद्धा?"

"अहो दादा, खरा त्रास केसांचा नसतोच. लाळेचा, कातडीचा असतो. दिवसभर स्वतःला चाटत बसते ना ती."

"मग न चाटणारी द्या."

"न चाटणारी ती उशी. उशी देऊ?"

उशीचा त्यानं क्षणभर खरोखर विचार केला.

कुरळ्या केसांच्या मांजरीपाशी तो असा शिंकला, की तीच कपाटावर चढून बसली आणि आपल्यालाच माणसाचं वावडं असल्यासारखी बघू लागली. तिसरीसाठी बाईंनी त्याला आंघोळ करून, कपडे बदलून दुसऱ्या दिवशी बोलावलं. ही बर्फाळ मुलखातली, पायपुसण्यासारखी झिपरी. त्यानं नाक खुपसलं, वाट पाहिली. काहीच नाही.

"कुणाकुणाला हिचा त्रास कमी होतो," बाई म्हणाल्या. "खात्री मी कुठल्याच मांजरीची देत नाही. आठवडाभर घरी न्या. शिंकलात तर परत आणा. मी रागावणार नाही. ती रागावेल."

आठवडाभर मांजर त्याच्या उशीवर झोपली. दूध नासलंय का बघावं तसा तो तिला सकाळ-संध्याकाळ हुंगायचा. एक शिंक नाही. त्यानं मुलीला फोन केला, "या रविवारी तेवढी ये. गंमत आहे."

मुलगी आली. मांजर दिसताच तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"आपली?"

"आपली."

खुर्चीबिर्ची विसरून ती धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. तो शिंकला. मग शिंकतच राहिला.

"संपलं," तो डोळे पुसत म्हणाला. "हीसुद्धा सोसत नाही मला. उद्या परत देऊन येतो."

"मी यायच्या आधी शिंकलास?"

"नाही."

"आठवडाभरात एकदाही?"

"नाही ना."

मुलगी हळूहळू मागे सरकली. खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत.

"ही नाही, बाबा. मी. मला माहीत होतं. मी दोनदा आंघोळ करून येते. फ्रॉकही धुतलेला असतो. पण आमची मांजर कपड्यांच्या कपाटातच झोपते."

आपलेच दात, आपलेच ओठ. बाजारातल्या मांजरी हुंगून झाल्या, एक पासही झाली. आणि नापास कोण, तर पोटची पोर.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आमची म्हातारी झालीय. ती मेली की येत जाईन. दोन-तीन वर्षं फक्त."

दंतवैद्य पुढची तारीख देतो, तसल्या आवाजात तिनं हे सांगितलं. तेवढ्या काळात तिचे उरलेले दुधाचे दात पडले असते. जगातल्या त्या एवढ्याच दातांमध्ये त्याला खरा रस होता.

त्यानं कामाच्या पिशवीतून मास्क काढला.

"हा जरा मागून बांध. मला जमत नाही."

"रोज कोण बांधतं?"

"रोज जमतं. आज नाही."

ती जागची हलेना. मग उठली, श्वास रोखून त्याच्या मागे आली आणि गाठ मारली. बोटं मानेला लागली.

"घट्ट झालं?"

"नाही. थांब तशीच."

ती थांबली. तो मास्कमध्ये शिंकला, तरी तिनं हात काढले नाहीत. थोड्या वेळानं खोलीत बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. मांजरीनं कान टवकारून त्याच्या छातीकडे पाहिलं.

"किटली असेल," तो म्हणाला.

मुलगी स्वयंपाकघरात गेली, बंद असलेला गॅस बंद केला आणि परत येऊन त्याच्या शेजारी बसली.

शिट्टी चालूच होती.